बाहुल्यांचं लुगडं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा वाटलं, नेहमीप्रमाणे ‘मोबाइल आणि आपली मुलं’ किंवा ‘आयटीतल्या संधी’ यावर बोलायला सांगतील. त्या भाषणाच्या स्लाइड्स माझ्याकडे तयारच असतात. पण पलीकडून आवाज आला, ‘‘कॉम्प्युटरचं नको गं, ते रोजच ऐकतो. तू त्या बाहुल्यांचं काय करतेस ते सांग.’’ म्हणून आज पहिल्यांदाच स्लाइडशिवाय उभी आहे. चुकले तर समोर बसलेल्या बाई सांभाळून घेतील. अर्थात, बाईंनी मला शाळेत फारसं सांभाळून घेतलं नव्हतं. तिथूनच सुरुवात करते.

आठवीत आपल्याला कार्यानुभव होता. मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवणकाम, अशी तेव्हाची सरळ वाटणी. वार्षिक प्रदर्शनासाठी प्रत्येकीने चिंधीची बाहुली करून तिला नऊवारी नेसवायची होती. माझी बाहुली कशीबशी उभी राहिली. पण प्रमुख पाहुणे टेबलापाशी आले, पाहुण्यांचा हात लागला आणि तिचं लुगडं सगळ्यांसमोर सुटलं. मागच्या रांगेतले जे तेव्हा हसले होते ते आत्ताही हसताहेत, मला दिसतंय. नंतर बाईंनी ती बाहुली हातात घेतली, लुगड्यातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. अकरा निघाल्या. मग त्या म्हणाल्या, ‘‘अगं, हे नेसवलेलं नाही, गुंडाळलेलं आहे.’’ दहापैकी चार मार्क मिळाले.

त्यानंतर मी इंजिनिअरिंगला गेले, नोकरीला लागले आणि बाहुली, शिवणकाम, चार मार्क सगळं विसरले.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी मी काही महिने अमेरिकेत पोर्टलंडला होते. एका रविवारी ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, चल, तुला एक गंमत दाखवते. कोलंबिया नदीच्या काठाने पूर्वेला दोनेक तास गाडी चालवली की एका ओसाड कड्यावर मेरीहिल नावाचं संग्रहालय लागतं. आजूबाजूला वारा आणि वाळकं गवत, दुसरं काही नाही. आत एका अंधाऱ्या दालनात बाहुल्या उभ्या होत्या. अंगं तारेची, चेहरे पांढऱ्या प्लास्टरचे, उंची पाऊण मीटरच्या आत. आणि अंगावर १९४५-४६ सालचे पॅरिसचे कपडे.

त्यांची गोष्ट अशी. १९४४च्या ऑगस्टमध्ये पॅरिस जर्मनांच्या ताब्यातून सुटलं. शहरात कोळसा नाही, अन्न नाही, कापड नाही. कपडे शिवणारी मोठमोठी घराणी बसकण मारून बसलेली. पूर्ण मापाचे कपडे करायला कापड कुठून आणणार? तेव्हा युद्धग्रस्तांच्या मदतीसाठी एक प्रदर्शन करायचं ठरलं आणि कपडे बाहुल्यांच्या मापाचे करायचे ठरले. एलियान बोनाबेल या तरुण चित्रकर्तीने तारेच्या आकृत्या रेखल्या, जुआन रेबुल या शिल्पकाराने डोकी घडवली. बालेन्सियागा, बाल्मां, लान्व्हां, निना रिची अशा पन्नासाहून अधिक घराण्यांनी दोनशेवर बाहुल्यांना कपडे केले. बटणं खरी, काज्यांतून निघणारी. झां कोक्तोसारख्या कलावंतांनी मागचे देखावे उभे केले. २८ मार्च १९४५ रोजी पॅरिसमध्ये हे प्रदर्शन उघडलं, तेव्हा युरोपातलं युद्ध संपायला अजून महिना-सव्वा महिना होता. सुमारे एक लाख लोकांनी ते पाहिलं. पुढे बाहुल्या युरोपभर हिंडल्या, १९४६ मध्ये नवे कपडे घालून अमेरिकेला गेल्या आणि तिथेच राहून गेल्या. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका मोठ्या दुकानात पडून होत्या, त्या १९५२ मध्ये मेरीहिलला आल्या. अजून तिथे त्या आळीपाळीने मांडतात.

मी काचेला नाक लावून उभी होते. एका बाहुलीच्या झग्याच्या चुण्या बघताना माझ्या तोंडून मराठीत निघालं, ‘‘ही नेसवलेली आहे.’’ मैत्रिणीला काही कळलं नाही. मला मात्र बाई आठवल्या.

घरी परतल्यावर वाचायला लागले. कपड्यांसाठी बाहुली वापरणं ही पॅरिसवाल्यांची जुनीच सवय निघाली. फॅशनची चित्रं छापणारी मासिकं नव्हती तेव्हा नवी तऱ्हा कळवायला बाहुल्यांना कपडे घालून परदेशी दरबारांत पाठवत. त्यांना ‘पँडोरा’ म्हणत. इंग्लंडमध्ये लहानपणी राणी व्हिक्टोरियाकडे १३२ लाकडी बाहुल्या होत्या. त्यांतल्या कित्येकींचे कपडे तिने स्वतः शिवले होते, तिच्या शिक्षिकेच्या मदतीने. म्हणजे राणीलासुद्धा शिवणकामाच्या बाई होत्या.

पण मला सगळ्यात शिकवलं ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या एका जोडप्याने. लॉर्ड आणि लेडी क्लॅपम. १६९० ते १७०० या काळातल्या या लाकडी बाहुल्या आहेत, दोन फुटांपेक्षा थोड्या कमी उंचीच्या. त्यांचं महत्त्व काय, तर त्यांचे आतले कपडेसुद्धा शाबूत आहेत. त्या काळातल्या उमरावांचे जरतारी अंगरखे संग्रहालयांत सापडतात, कारण भारी म्हणून ते जपले गेले. आतली साधी बंडी, मोजे, रोजचा परकर कोण जपतो? ते फाटेपर्यंत वापरतात आणि मग त्याचं फडकं होतं. ते या बाहुल्यांच्या अंगावर राहिलं, म्हणून आज अभ्यासकांना कळतं की कशावर काय घालत. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी परत त्यावर येणार आहे.

आपल्याकडेही दिल्लीला शंकर्स इंटरनॅशनल डॉल्स म्युझियम आहे. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये ते सुरू केलं. हंगेरीच्या राजदूताने दिलेल्या एका बाहुलीपासून त्यांना हा नाद लागला. आता तिथे हजारो बाहुल्या आहेत, आणि आपल्या प्रांतोप्रांतीचे पोशाख केलेल्या भारतीय बाहुल्या त्यांच्या स्वतःच्या कार्यशाळेत बनलेल्या आहेत. मी दोनदा जाऊन आले. मुलांबरोबर गेलात तर मुलं कंटाळतील आणि तुम्ही रमाल, हे आधीच सांगते.

मग मी ठरवलं, आपल्या घरांतल्या बायका काय नेसत होत्या ते बाहुल्यांवर मांडायचं. परकर-पोलक्यातली मुलगी, चंद्रकळेतली सून, इरकलीतली आजी, पुढे पाचवारी गोल पातळ आलं ती शिकलेली मावशी. आज माझ्याकडे त्रेचाळीस बाहुल्या आहेत. काही विकत घेतलेल्या, काही लोकांनी दिलेल्या, सव्वीस मी केलेल्या.

पहिली बाहुली करताना एक मोठी चूक केली. आजीचं इरकल माझ्याकडे आलं होतं. चांगलं धडधाकट लुगडं, पदर घट्ट जोडलेला. मी त्याला कात्री लावली. बाहुली झाली, पण आठ मीटर लुगड्यातलं दीड मीटर लागलं आणि उरलेलं कशालाही उपयोगाचं राहिलं नाही. शिवाय ते शोभलंही नाही. त्या बाहुलीला मी प्रदर्शनात ठेवत नाही, घरी माझ्या टेबलावर ठेवते. तेव्हापासून नियम केला, जे अखंड आहे त्याला कात्री लावायची नाही. फाटकं, विरलेलं, लोक बोहारणीला देतात ते घ्यायचं.

शोभलं का नाही, याचं उत्तर आपल्या गणिताच्या सरांना आवडेल. माझ्या बाहुल्या एकास चार प्रमाणात आहेत. पाच फुटी बाई पंधरा इंचांची होते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, त्याचे दोन मीटरपेक्षा थोडे जास्त होतात. पन्हा चौथाई होतो. लांबी, रुंदी, काठ सगळं चौथाई करता येतं. सुताची जाडी मात्र तीच राहते! म्हणजे बाहुलीच्या मानाने ते कापड चौपट जाड झालं. कमरेशी निऱ्या खोचल्या की तिथे उशी बांधल्यासारखं दिसतं. आणि निऱ्या खाली पडत नाहीत, फुगून उभ्या राहतात, कारण तेवढ्याशा तुकड्याला स्वतःच्या वजनाने लवता येत नाही. माझ्या आठवीतल्या बाहुलीचं लुगडं का सुटलं, ते मला असं पंचविसाव्या वर्षी नव्हे, पस्तिसाव्या वर्षी कळलं. बाई, त्या चार मार्कांचं पुनर्मूल्यांकन व्हावं.

यावर उपाय सापडायला दोन वर्षं गेली. कापड शंभरदा धुतलेलं, विरायला आलेलं मलमल घ्यायचं. निऱ्या ओल्या करायच्या, सैल दोऱ्याने बांधायच्या आणि रात्रभर वाळू द्यायच्या. काठ लुगड्याचा लावायचा नाही, जुन्या उपरण्याची बारीक किनार लावायची. चोळीला खण वापरावा असं वाटतं, पण खणावरची बारीकशी नक्षीसुद्धा बाहुलीच्या छातीवर ताटाएवढी दिसते. म्हणून साधं रेशीम घेऊन त्यावर सुईने ठिपके काढते. दुकानात मिळणाऱ्या बाहुल्या चालत नाहीत. त्यांची कंबर आणि टाचा उंचावलेली पावलं आपल्या लुगड्याला चालतच नाहीत. म्हणून तारेचा सांगाडा, त्यावर कापूस आणि सुती कापड.

मध्ये एकदा मोह झाला होता. हल्ली शिवलेली नऊवारी मिळते, पायजम्यासारखी चढवायची. तशी बाहुल्यांना शिवली तर दहा मिनिटांत काम. एक शिवलीही. मग उसवली. माझी प्रत्येक बाहुली नेसवलेली आहे. ओचा आहे, निऱ्या आहेत, कासोटा मागे खोचलेला आहे, आणि टाचणी एकही नाही.

आता ज्याच्यासाठी मी आज बोलायला तयार झाले ते सांगते.

काही वर्षांपूर्वी पुण्यात तीन दिवसांचं प्रदर्शन लावलं होतं. गर्दी चांगली होती, लोक फोटो काढत होते, ‘किती गोड’ म्हणत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ऐंशीच्या पुढच्या एक आजी आल्या. काठी टेकत सगळ्या टेबलांवरून फिरल्या. मग माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, ‘‘बाळ, सगळ्या सवाष्णीच का गं केल्यास? माझी आत्या यांच्यात कुठे बसेल?’’

मला आधी कळलंच नाही. त्या म्हणाल्या, ‘‘आलवणातली. लाल आलवणातली एकही नाही.’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेशवाईपासूनच्या बायका मी मांडल्या होत्या. नथी, चिंचपेट्या, खोपे, अंबाडे सगळं होतं. ज्या काळातल्या आमच्यासारख्या घरांत जवळपास प्रत्येक माजघरात एक सोवळी बाई होती, केशवपन केलेली, अंगात चोळी नसलेली, तिला मी वगळलं होतं. मुद्दाम नव्हे. माझ्या डोक्यातच आली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. कारण ती माझ्या स्वतःच्या घरात होती.

माझी पणजी, आईच्या वडिलांची आई. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत, ज्याला लोक मानमोडी म्हणत, पणजोबा गेले. पणजी तेव्हा अठरा वर्षांची, आजोबा एक वर्षाचे. पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं ते १८८९ मध्ये, कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला तो १८९६ मध्ये. म्हणजे वाट दाखवून झाली होती. आमच्या घरापर्यंत ती पोचली नाही. पणजी पुढची सेहेचाळीस वर्षं आलवणात राहिली. तिचा एकही फोटो नाही. घरातल्या लग्नांच्या फोटोत सगळे आहेत, ती नाही.

आणि तिचं आलवणही नाही. पैठण्या ट्रंकेत जपल्या गेल्या. आलवण कोण जपणार? इथे मला लेडी क्लॅपम आठवली. भारी होतं ते उरलं. रोजचं गेलं. आणि ज्याची लाज वाटली, ते तर सगळ्यात आधी गेलं.

मी आईला सांगितलं, पणजीची बाहुली करते. आई माझ्यावर इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. म्हणाली, ‘‘आयुष्यभर ती कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून तिला आत बसवलं. आता तू तिला काचेत बसवणार? लोकांनी बोट दाखवायला?’’ मी म्हटलं, ‘‘पण आई, ती होती.’’ आई म्हणाली, ‘‘मला सांगू नकोस ती होती. मी तिच्या कुशीत झोपलेय.’’

पुढे दोन महिने आम्ही दोघींनी तो विषय काढला नाही. आई चुकीचं बोलत होती असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

मग एका संध्याकाळी आई आपणहून म्हणाली, ‘‘रंग कोणता घेणार होतीस?’’ मी रंगवलेलं मलमल दाखवलं. ‘‘इतका उजळ नव्हता. धुऊन धुऊन विटलेला, विटकरीकडे झुकलेला.’’ तीन वेळा कापड रंगवलं, चहाच्या पाण्यातून काढलं, तेव्हा तिने मान डोलावली. नेसवायला मी बसले तर तिने बाहुली माझ्या हातातून घेतली. पदर डोक्यावरून दोन्ही खांद्यांवर घेतला, आणि बाहुलीचा डावा हात वाकवून पदराशी आणला. म्हणाली, ‘‘अंगात चोळी नाही ना, म्हणून मोठ्या आईचा हात कायम पदराला. जेवताना, निवडताना, एक हात सतत तिथेच.’’ कुठल्याही पुस्तकातल्या चित्रात मला हे सापडलं नसतं. सेहेचाळीस वर्षं एका बाईचा एक हात स्वतःला झाकण्यात गेला, हे आईच्या बोटांनी मला दाखवलं.

आईने दोन अटी घातल्या. तिची मान खाली घालायची नाही. आणि तिला कडेला ठेवायचं नाही. मी पुढ्यात तांदळाचं सूप ठेवलं, नजर समोर ठेवली आणि पुढच्या प्रदर्शनात ती चंद्रकळा आणि पैठणी यांच्या मधोमध बसली. पाटीवर लिहिलं, ‘आलवण, सुमारे १९५८. नातीच्या आठवणीवरून.’

प्रतिक्रिया सगळ्या बऱ्या आल्या असं सांगणार नाही. सणासुदीच्या दिवसांत हे अभद्र कशाला, असं दोघातिघांनी तोंडावर सांगितलं. एका गृहस्थांनी ती बाहुली उचलून ठेवायची विनंती केली. पण तिच्यासमोर लोक थांबत होते. इतर बाहुल्यांसमोर लोक फोटो काढायचे, हिच्यासमोर बोलायचे. माझी आजी, माझी काकू, आमच्या शेजारच्या. एका बाईंनी फक्त नाव उच्चारलं आणि निघून गेल्या. आई तीनही दिवस त्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसली होती. काही बोलली नाही. संध्याकाळी बाहुल्या पेटीत भरताना हिला मात्र तीच उचलायची.

ज्या आजींनी मला विचारलं होतं त्या काही परत आल्या नाहीत. त्यांचं नाव-पत्ता मी तेव्हा विचारून ठेवलं नाही. याची चुटपुट आहे.

आता एक उपयोगाची गोष्ट आणि एक मागणं, मग थांबते.

उपयोगाची गोष्ट जुन्या लुगड्यांबद्दल. जरीचं लुगडं वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवू नका, घडीवर जर तुटते. दर सहा महिन्यांनी घडी बदला. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नका. आणि शोकेसमध्ये दिव्याखाली मांडू नका. संग्रहालयांत कापडावर पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. म्हणूनच मेरीहिलचं ते दालन अंधारं होतं.

मागणं असं. माझा संग्रह एकांगी आहे, हे मला त्या आजींमुळे कळलं. सव्वीस बाहुल्यांमध्ये बहुतेक सगळ्या एकाच प्रकारच्या घरांतल्या आहेत. आपल्या वर्गात तर सगळ्या प्रकारच्या घरांतली मुलं-मुली होती. कुणाची आजी शेतात गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून लावणी करत होती, कुणाची मासळी घेऊन बाजारात बसत होती, कुणाची गिरणीत जात होती. त्या कशा नेसत होत्या, ओचा कुठे यायचा, पदर कुठे खोचायच्या, पैसे कुठे ठेवायच्या, हे मला हवं आहे. लुगडं नसलं तरी चालेल. घरात कुणी वडीलधारी बाई असेल तर फोन लावा, मी येऊन बसेन. त्यांना फक्त सांगायला लावू नका, त्यांच्या हातात बाहुली द्या. तोंडाला न आठवणारं बऱ्याचदा हाताला आठवतं, हे मी घरात पाहिलं आहे. आणि हे काम पुढच्या मेळाव्यापर्यंत लांबवू नका. गेल्या मेळाव्यानंतर आपल्यातल्या किती जणांच्या आया गेल्या, ते मघाशी श्रद्धांजलीच्या यादीत आपण ऐकलंच.

बाहेर व्हरांड्यात, पूर्वी आपलं प्रदर्शन लागायचं तिथेच, टेबलावर सात बाहुल्या ठेवल्या आहेत. या वेळी हात लावायला हरकत नाही, सुटणार नाहीत. माझी आईही तिथे बसली आहे.

बाई, जेवणाआधी पाच मिनिटं काढून मधल्या बाहुलीचा कासोटा तेवढा तपासून सांगा.